मोडल्यासारखं मोडलं पाहिजे

बाबा, आज दुपारी आम्ही एक मणका मोडला आणि मग त्याला बसवलं. बसवलं म्हणजे काय, तर खाली पडलेल्या माणसाला काखेत हात घालून कोणी बसतं केलं की त्याची पाठ जशी पुढे वाकते, तेवढंच त्या मोडलेल्या मणक्याला यंत्राने हळूहळू वाकवलं. तुम्ही पडलात त्याला बावीस वर्षं झाली, आणि तुम्हाला जाऊन आठ. आज मला रडू येईल असं धरून मी सकाळी पर्समध्ये दोन रुमाल टाकले होते. दोन्ही कोरडे परत चाललेत. चाचणी संपली, मी हात धुतले, कपभर चहा प्यायले, आकडे लिहिले. बाकीचे घरी गेले. मी टेबलाशी बसून जुन्या फॉर्मांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर हे लिहितेय. गेली कित्येक वर्षं मला या विषयावर काहीच वाटत नाही, आणि काहीच वाटत नाही याचंही फार काही वाटत नाही.

माझं काम तुम्हाला अर्धवट माहीत आहे. उंचावरून बुडावर आपटलेल्या माणसाच्या कमरेवरचा मणका चिरडतो, तसाच मणका आम्ही प्रयोगशाळेत मुद्दाम चिरडतो. दोन्ही टोकं दातांच्या डॉक्टरकडे असतो तसल्या मसाल्यात घट्ट बसवायची, पाठकणा उभा करायचा आणि वरून वजन सोडायचं. मग त्या मोडलेल्या मणक्यात सर्जन लोकांचे स्क्रू नि सळ्या बसवून बघायच्या, टिकतात की नाही. मोडणं खऱ्यासारखं नसेल तर पुढचं सगळं पाण्यात. तुम्ही होतात तेव्हा आमची मजल फोमचे मणके आणि बोकडापर्यंतच होती. साकीनाक्याच्या खाटकाकडे मी स्वतः जायचे, आणि तो दर वेळी विचारायचा, "मॅडम, पूरा रीढ एकदम अख्खा? सूप किती लोकांचं करता?" मी सांगायचे, पुष्कळ लोकांचं. हे ऐकून तुम्ही पलंगावर पडल्या पडल्या खोकला लागेपर्यंत हसला होतात. आता देहदानातून आलेले माणसांचे मणके मिळतात. नाव कळत नाही, फक्त वय आणि बाई की पुरुष. आजचा पुरुष होता, अठ्ठेचाळीस वर्षांचा. तुम्ही पडलात तेव्हा सत्तेचाळीसचे होतात.

आणि एक प्रश्न आहे, जो मी इथे कुणाला माझा म्हणून सांगितलेला नाही. तुमचे पाय तुम्ही पडल्यामुळे गेले की मी तुम्हाला बसवल्यामुळे गेले, हा तो प्रश्न. चाचण्यांच्या यादीत "पडल्यानंतर उचलणे, बसवणे" असा भाग घालायला मीच सुचवलं. आमच्या सरांनी मान डोलावली, उपयोगी आहे म्हणाले. का सुचवलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही.

गिरणीतली नोकरी सुटल्यावर तुम्ही गोरेगावच्या स्टुडिओत सुतारकामाला लागलात आणि तिथे तुमच्या वाट्याला मोडण्याचं काम आलं, ही आपल्या घरातली मोठी थट्टा होती. आजी म्हणायची, लोकांची पोरं खुर्च्या करतात, माझा मोडायच्या खुर्च्या करतो. हीरोने आपटलं की फुटणारं टेबल, खलनायक कोसळला की तुटणारा जिना, ढकललं की निखळणारा कठडा. लाकूड मागून करवतीने कापून ठेवायचं, खाचेत लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरायची, वरून रंग. समोरून बघणाऱ्याला ते अगदी भक्कम दिसलं पाहिजे. आणि कापलेल्या प्रत्येक वस्तूच्या मागे खडूने फुली मारायची, म्हणजे कामाच्या माणसांपैकी कोणी चुकून टेकणार नाही. ती फुली म्हणजे तुमच्या लोकांचा कायदा. मी सात-आठ वर्षांची असताना तुमच्याबरोबर सेटवर आले आणि एका राजेशाही खुर्चीवर जाऊन बसले, ती माझ्यासकट खाली आली. मला वाटलं तुम्ही उचलून घ्याल. तुम्ही आधी कानाखाली दिलीत. "आधी मागसून बघूचा, मगे बसूचा," एवढंच म्हणालात, आणि मग मला वडापाव घेऊन दिलात. मी अजून मागून बघते, बाबा. लग्नाच्या हॉलमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, दिंडोशीच्या कोर्टात एकदा कामाला गेले होते तिथेसुद्धा. लोकांना वाटतं मी खुर्चीवरची धूळ बघतेय.

त्या दिवशी तुम्हीच मागून बघितलं नाही. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजला सुट्टी, तुमचा डबा घेऊन चालत आलेली. सेटवर दुमजली घर उभं केलेलं, वरच्या मजल्याला दोन कठडे, दिसायला जुळे. एक सलग, एक तुम्ही सकाळी कापलेला. कॅमेरा दुसऱ्या बाजूला न्यायचं ठरलं म्हणून दुपारी त्यांनी दोन्ही कठड्यांची अदलाबदल केली, आणि आता मागची बाजूही दिसणार म्हणून रंगाऱ्याने मागूनही हात मारला. फुली रंगाखाली गेली. हे सगळं झालं तेव्हा तुम्ही वर एका खिडकीची चौकट बसवत होतात, पाठ फिरवून. मी खाली येऊन उभी राहते. तुम्ही मला बघता, आणि घरच्या गॅलरीत खालच्या भाजीवाल्याशी बोलताना टेकता तसे कोपर टेकून वाकता. "काय आणलंस गो?" म्हणता. कठडा सुरेख मोडला. तुम्ही केलेल्या कामांत तो सगळ्यात खरा मोडला असेल.

तुम्ही बारा फुटांवरून बसल्यासारखे खाली आलात. गाद्या शॉटच्या वेळी टाकायच्या होत्या, तेव्हा नव्हत्या. मी धावले, डबा कुठेतरी टाकला. तुम्ही उताणे होतात, डोळे उघडे. लाइटवाले, रंगारी, सगळे गोळा झाले, आणि आपल्याकडे कोणी पडलं की जे म्हणतात ते सगळे म्हणायला लागले. उठवा, बसवा, पाणी द्या, मोकळी हवा येऊ द्या. मी तुमच्या मागे गेले, काखेत हात घातले, ओढून तुम्हाला बसतं केलं आणि त्या प्लायच्या भिंतीला टेकवलं. भिंत हलली म्हणून माझ्याच छातीला टेकवून धरलं. बाटली तोंडाला लावली. तुम्ही दोन घोट प्यायलात. मग खाली आपल्या पायांकडे बघितलंत आणि म्हणालात, "पाय लागनत नाय." मी म्हटलं, जाणवत नाहीत म्हणजे मुंग्या आल्या असतील.

हॉस्पिटलात डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, ह्यांना उठवलं कोणी. मी तुमच्या स्ट्रेचरच्या उशाशी होते. डॉक्टर, पोस्टमन आणि बँकेतला कारकून यांच्याशी तुम्ही नेहमी शहरी मराठी काढायचात, तशीच काढलीत. "मीच उठून बसलो, साहेब." मग त्याने विचारलं, पडल्यावर पाय हलत होते का, अजिबात, जरासेसुद्धा? तुम्ही म्हणालात, "नाही. पडलो तेव्हाच गेले." त्याने ते लिहून घेतलं. माझ्याकडे त्याने बघितलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. बस, विषय तिथे मिटला. आईला तेच सांगितलं गेलं, काकाला, शेजाऱ्यांना, स्टुडिओतल्या लोकांना तेच. पडलो तेव्हाच गेले. गणपतीला गावी जाणाऱ्यांनी ते गावात नेऊन पोचवलं. चौदा वर्षं ते वाक्य आपल्या घरात देव्हाऱ्यासारखं एका जागी होतं. त्याला कोणी हात लावला नाही.

ती चौदा वर्षं मी नीट आठवू पाहते तेव्हा मला स्वयंपाकघर आठवतं, कारण तुमचा पलंग तिथेच होता. बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि पाहुणे, म्हणून पलंग तुम्ही आत मागून घेतलात. कुशीवर वळवलं की तुम्ही आईला भाजी निवडून द्यायचात, खोबरं खवायचात, बिल्डिंगमधल्या बायकांच्या विळ्यांना मुठी बसवून द्यायचात. दर दोन तासांनी तुम्हाला वळवायचं. मी बारावीनंतरची ती सगळी इंजिनिअरिंगची पुस्तकं तुमच्या पायांवर ठेवून वाचली. तुम्हीच म्हणालात, ठेव, माका काय जड लागणा नाय. आई त्यावर भांडं आपटायची. तुम्ही हसायचात. मीही हसायचे. कुठल्या तरी दिवसापासून मला त्या वाक्याचं काही वाटेनासं झालं, तो दिवस कोणता ते मला सांगता येणार नाही.

मी या प्रयोगशाळेत लागले तेव्हा तुम्हाला फार कौतुक. पहिले सहा महिने आमचे मणके खोटे मोडत होते. वजन सोडलं की एक तर काही व्हायचं नाही, नाहीतर सगळ्याचा चुरा. म्हणून सरांनी सांगितलं, मणका आधी पुढून अर्धा कापून कमजोर करून घ्या. तसा केला तर तो कापलेल्या रेघेवर सरळ उघडायचा, बिस्किटासारखा. एक्सरे बघून आमचे सर्जन म्हणायचे, असा पेशंट आम्ही जन्मात बघितला नाही. एका संध्याकाळी मी हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही आमटीसाठी शेवग्याच्या शेंगा सोलत होतात. एक शेंग घेतलीत, सुरीने मधोमध अर्धी कापलीत आणि मोडलीत. "अर्धा कापलस तर कापल्यासारखा मोडतला." दुसरी घेतलीत, एकमेकांपासून थोड्या अंतरावर तीन बारीक खाचा दिल्यात, सालीपुरत्या, आणि पिळून मोडलीत. ती वेडीवाकडी फुटली, धागे लोंबत राहिले. "ह्यां बघ. मोडल्यासारखा मोडला पायजे." आई म्हणाली, "आमटीत काय घालू आता, तुमचं डोकं?" आणि तुम्ही मला पलंगाखालची पेटी ओढायला लावलीत. त्यातून तुमची छोटी करवत काढलीत, बारीक दातांची, मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. "ही हाडाक पण चालतली. घेवन जा." तीन खाचा, मणक्याच्या सालीपुरत्या. तेव्हापासून आमचे मणके खऱ्यासारखे मोडतात. दसऱ्याला इथे सगळे यंत्राला झेंडू घालतात, मी करवतीला एक वेगळं फूल ठेवते. सर विचारतात, हे कुठून शिकलीस. मी सांगते, सुताराकडून.

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला दुसरीही गोष्ट सांगितली. मणक्याच्या मागच्या पोकळीत, जिथून मज्जारज्जू जातो, तिथे आम्ही पाण्याची बारीक नळी बसवतो, ती किती दबली ते बघायला. वजन आदळतं त्या निमिषात हाडाचा तुकडा नळीत खोलवर घुसतो आणि लगेच बराचसा मागे येतो. नंतरच्या एक्सरेत दिसतो तो मागे आलेला तुकडा. म्हणजे जे व्हायचं ते बहुतेक आदळतानाच होऊन गेलेलं असतं. हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं, हातवारे करून. मला वाटतं मी तुमच्याकडे बघत नव्हते, सुरीकडे बघत होते. तुम्ही म्हणालात, "मगे मी काय सांगलंय डॉक्टराक?" आणि पुढची शेंग सोलायला घेतलीत. मी म्हटलं, हो. आपण दोघं या विषयावर एवढंच बोललो.

आज मणक्याला तीन खाचा मीच दिल्या, तुमच्या करवतीने. वजन सोडलं. छान मोडला, एक्सरेत तुमच्या जुन्या एक्सरेशेजारी ठेवावा असा. तुकडा घुसला आणि मागे आला, नेहमीसारखा. मग पुढे वाकवायला सुरुवात केली. माझ्याबरोबर काम करते ती आधी फिजिओथेरपिस्ट होती, तोंडाने फटकळ, माझ्याच वयाची. ती स्क्रीनवरची नळीची रेघ बघत होती. बहुतेक मणक्यांत या वेळी काही होत नाही, रेघ सरळ जाते. आज अर्ध्या वाकण्यात ती रेघ खाली आली. तुकडा पुन्हा नळीत शिरला आणि या खेपेला मागे आला नाही, तिथेच अडकून राहिला.

"वाट लागली ना याची," ती म्हणाली. "पडून वाचला होता बिचारा."

"सगळ्यांत नाही होत असं," मी म्हटलं.

"ते माहितीये गं. पण ज्याच्यात झालं त्याला कळणार कसं? पडल्यावर गेलं की उठवल्यावर?"

"एक्सरेवरून नाही कळत."

"मग?"

"विचारायचं. पडल्यावर, उठवायच्या आधी, पाय हलत होते का."

"आणि पेशंट खोटं बोलला तर?"

ती सहजच बोलली. पुढच्या मणक्याला मसाला कालवत होती. मी म्हटलं, पेशंट कशाला खोटं बोलेल. ती म्हणाली, तेही खरं. मग ती चहा सांगायला गेली आणि मी फॉर्ममध्ये, शेवटच्या रकान्यात लिहिलं: वाकवताना तुकडा पुन्हा आत. अक्षर नेहमीसारखंच आलं. ते बिघडलं असतं तर मला बरं वाटलं असतं, असं आता वाटतं. तो मणका आम्ही परत पाठवण्यासाठी नीट गुंडाळला. त्या माणसाच्या घरच्यांनी त्याला देताना काय विचार केला असेल, तेवढं एकदा मनात आलं आणि गेलं.

हे कुठे द्यायचं नाहीये. आईला वाचून दाखवायचं नाही, तिचं वय झालंय, तिला ते देव्हाऱ्यातलं वाक्य तसंच असू दे. घडी घालून हे मी करवतीच्या पेटीत ठेवीन, करवतीच्या खाली. तुम्ही मला शिकवलंत तसं मी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीच्या मागे जाऊन बघितलं, फक्त या एका वाक्याच्या मागे गेले नाही. तिथे फुली आहे हे मला माहीत होतं. कारण तुम्ही ती मारलीत तेव्हा मी तिथेच होते.

तुम्ही उताणे पडला होतात आणि मी रडत होते. तुमची डावी चप्पल निघून पडली होती. तुम्ही म्हणालात, "रडा नको गो. काय एक झाला नाय. ह्यां बघ." आणि डाव्या पायाचा अंगठा हलवून दाखवलात, दोनदा. बाकीचे तुमच्या तोंडाकडे बघत होते, तो फक्त मी बघितला. तो हलला म्हणूनच मी तुम्हाला बसवलं, बाबा.